‘टर्बो गेला’ म्हणण्याआधी पाईप बघा: गाडीच्या निदानात या चुका टाळा

महिन्यातून दोनदा तरी मला असा फोन येतो: “दादा, चेक इंजिनचा दिवा लागलाय. मेकॅनिक म्हणतो सेन्सर बदलायचा. बदलू का?” मी विचारतो, स्कॅनर लावल्यावर बिघाडाचा कोड काय आला? शांतता. बरं, कुठला सेन्सर? परत शांतता. म्हणजे पैसे किती लागणार ते ठरलंय, बिघाड काय ते नाही. सगळा अंदाजपंचे दाहोदर्से कारभार!

स्कॅनरवर दिसलेल्या कोडलाच निदान समजणं, ही माझ्या मते सगळ्यात महागडी चूक. २०१४ ची माझी डिझेल हॅचबॅक आहे. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी चढायला घेतला आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये रडायला लागली. आरशात बघितलं तर मागे काळा धूर आणि हॉर्नवर हात ठेवून बसलेला ट्रकवाला. दुसऱ्या दिवशी एका चकाचक गॅरेजात गाडी नेली. पोरानं स्कॅनर लावला, पी०२९९ कोड आला आणि बॉनेट उघडायच्या आत निकाल लागला: “टर्बो गेला साहेब. मजुरीसकट ३८ हजार.” मी विचारलं, पाईप काढून टर्बोचं पातं हलवून बघितलंस का? तर म्हणे, “मशीनच सांगतंय ना!”

मशीन तसं काहीच सांगत नव्हतं. टर्बो म्हणजे इंजिनात दाबानं हवा भरणारा पंखा. पी०२९९ म्हणजे त्याचा दाब अपेक्षेपेक्षा कमी, एवढंच. टर्बो खराब असेल, किंवा त्यानं भरलेली हवा वाटेत कुठेतरी गळत असेल. सायकलच्या चाकात हवा टिकत नाही म्हणून कोणी पंप बदलत नाही, आधी पंक्चर बघतो.

गाडी घेऊन आमच्या गल्लीतल्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी काहीच उघडलं नाही. किल्ली घेतली, मला शेजारी बसवलं, काचा खाली केल्या आणि चढाला नेऊन रेस दिली. ‘सूंऽऽ’ असा आवाज आला. परत येऊन इंटरकूलरकडे (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणाऱ्या रबरी पाईपखाली हात घातला, तर हात तेलानं काळा. पाईप दाबला तसं क्लिपजवळच्या चिरेनं तोंड उघडलं. उभ्या गाडीत दाबच नसतो, त्यामुळे चीर मिटलेली दिसायची. लोड आला की उघडायची. धुराचं कोडंही तिथेच सुटलं. हवा मोजणारा सेन्सर या पाईपच्या बराच आधी बसतो. त्यानं मोजलेल्या हवेच्या हिशोबानं डिझेल पडतं, आणि हवा मात्र वाटेतच पसार झालेली असते. नवा पाईप आणि क्लिप मिळून १,४०० रुपये लागले.

तेव्हापासून कोणी महागडा पार्ट सांगितला की मी एकच विचारतो: “हाच गेलाय हे कशावरून?” चांगला मेकॅनिक हातात घेऊन दाखवतो, किंवा सरळ म्हणतो, “आज कळत नाही, गाडी ठेवून जा.” चिडणाऱ्याकडून मी किल्ली परत घेतो.

दुसरी चूक आपली, मालकांची. दोन व्हिडिओ बघून गॅरेजात जायचं आणि “इंजेक्टर साफ करून टाका” म्हणायचं. मग तो इंजेक्टरच, म्हणजे इंधन फवारणारा भागच, साफ करणार, बिल लावणार, आणि गाडी तशीच झटके खात राहणार. त्याला लक्षण सांगा: सकाळी थंड असतानाच मिसिंग करते (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही), एसी लावला की, की फक्त सीएनजीवर? मी हे जॉब कार्डवर माझ्यासमोर लिहून घेतो आणि जमेल तेव्हा मेकॅनिकला शेजारी बसवून चक्कर मारतो. नवशिक्यांना एवढा धीर नसतो. त्यांना संध्याकाळपर्यंत गाडी हवी असते, आणि मग ती दर आठवड्याला संध्याकाळपर्यंत गॅरेजातच असते.

मिसिंग आहे म्हणून चारही कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या) बदलू नका. पी०३०२ आला म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर गाडी बंद करून दुसरी आणि तिसरी कॉइल आपसात बदला. आता पी०३०३ आला तर कॉइलच दोषी. कोड पी०३०२ वरच राहिला तर प्लग बघा, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). बऱ्याच पेट्रोल गाड्यांत हे दहा मिनिटांचं काम आहे.

कोड पुसायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढा. कोड उडवून दिवा घालवणं ही दुरुस्ती नव्हे.

गाडी गरम झाली की लगेच “हेड उतरवावं लागेल” ऐकायला मिळतं, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग खोलायचा. थांबा जरा. सिग्नलला गरम होते आणि हायवेला नीट चालते? तर आधी रेडिएटरचा फॅन, त्याचा फ्यूज आणि रिले बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं झालंय, कूलंटमध्ये सतत बुडबुडे येतायत, तर मात्र गॅस्केटचा (हेडखालच्या सीलचा) संशय रास्त आहे. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका, चेहरा भाजतो.

सेल्फ मारल्यावर नुसतं टकटक होतं? स्टार्टर बदलण्याआधी बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगची वायर साफ करा. रात्रभर उभ्या गाडीत चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते.

इंजिन आतून धुणाऱ्या ‘इंजिन फ्लश’च्या बाटल्यांवर माझा विश्वास नाही. वेळेवर ऑइल बदला.

बदललेला जुना पार्ट मागून घ्या, आणि हे काम सुरू व्हायच्या आधी सांगा. नंतर मागितला की तो नेमका भंगारात गेलेला असतो.

आणि चेक इंजिनचा दिवा नुसता लागून न राहता लुकलुकत असेल तर मला फोन करत बसू नका. मिसिंग जोरात आहे, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातंय आणि तिथला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून खराब होतो. गाडी कडेला घ्या, बंद करा, टोइंग बोलवा.