मॅक्युला जपायचा असेल तर या चुका टाळा

साठीनंतर वाचताना अक्षरं पुसट दिसू लागली की घरात दोनच निदानं होतात: नंबर वाढला, नाहीतर मोतीबिंदू आला. माझ्या आईच्या बाबतीत आम्हीही तेच धरून चाललो. ती म्हणायची, ‘‘फरशीच्या रेघा मधेच वाकल्यासारख्या दिसतात गं.’’ आम्ही तिला नवा चष्मा करून दिला. बिघाड मॅक्युलात होता.

मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा अगदी मधला भाग, जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं ही सगळी कामं त्याच्या जोरावर चालतात. तो खराब झाला तरी कडेचं दिसत राहतं, पण जिथे नजर लावावी नेमकं तिथेच धूसर होतं.

आमची सगळ्यात महागात पडलेली चूक म्हणजे दोन्ही डोळे उघडे ठेवून ‘‘दिसतंय की!’’ म्हणणं. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, त्यामुळे महिनोन्महिने काही कळत नाही. म्हणून एकेक डोळा झाकूनच बघायचं. त्यासाठी स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क ॲम्सलर यांच्या नावाचा चौकड्यांचा तक्ता मिळतो. वाचायचा चष्मा लावा, तक्ता चांगल्या उजेडात साधारण ३० सेंटिमीटरवर धरा, एक डोळा झाका आणि मधल्या ठिपक्यावरच नजर ठेवा. नजर रेघांवर फिरवत बसलात तर दोष निसटतो. ही चूक फार जण करतात. रेघ वाकडी, तुटकी किंवा मधे डाग, यातलं काहीही नव्याने दिसलं तर ‘‘पुढच्या महिन्यात दाखवू’’ म्हणू नका, एक-दोन दिवसांत डोळ्यांचे डॉक्टर गाठा.

एवढी घाई का? वयोमानाने होणारा मॅक्युलाचा आजार बहुतेकांना कोरड्या प्रकारचा असतो आणि तो हळूहळू वाढतो. ओल्या प्रकारात मात्र पडद्याखाली नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढतात, त्यातून पाणी आणि रक्त झिरपतं, आणि दिवसा-आठवड्यांत कायमचा व्रण होऊ शकतो. त्यावर डोळ्यात इंजेक्शन देतात. ऐकूनच अंगावर काटा येतो, पण आधी बधिर करणारे थेंब घालतात. आईला त्यापेक्षा नंतरची चुरचुरच जास्त जाणवली. खरी चूक पुढे होते: जरा बरं दिसू लागलं की लोक इंजेक्शनं बंद करतात. औषधाचा असर ओसरतो, गळती परत सुरू होते आणि गेलेली नजर मग पूर्ण परत येईलच असं नाही.

गोळ्यांबद्दलही बोलायलाच हवं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एआरईडीएस’ या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात ठरावीक जीवनसत्त्वं आणि झिंक घेणाऱ्यांमध्ये आजार शेवटच्या टप्प्यात जाण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. हा फायदा आजाराच्या मधल्या टप्प्यात किंवा एका डोळ्यात तो बळावलेला असताना दिसला. निरोगी डोळ्यांना किंवा अगदी सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा उपयोग दिसला नाही. जुन्या मिश्रणातल्या बीटा कॅरोटीनमुळे सिगारेट ओढणाऱ्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. २०१३ च्या दुसऱ्या अभ्यासानंतर त्याऐवजी ल्युटिन आणि झिॲक्सँथिन ही वनस्पतींमधली पिवळी द्रव्यं वापरू लागले. तेव्हा ‘डोळ्यांची गोळी’ म्हणून डॉक्टरांना न विचारता काहीही घेऊ नका. सिगारेट सोडणं मात्र कुठल्याही टप्प्यावर उपयोगाचं. या आजाराचं, आपल्या हातात असलेलं सगळ्यात मोठं कारण सिगारेट हेच आहे.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवर पैसे घालू नका. स्क्रीनच्या उजेडाने मॅक्युला खराब होतो याला पुरावा नाही.

नंबर काढून घेतला म्हणजे डोळे तपासले, असंही समजू नका. थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदा बघायला हवा. गरज पडली तर ओसीटी स्कॅन, म्हणजे पडद्याच्या थरांचं चित्र काढणारी तपासणी. घरात कुणाला हा आजार असेल तर हे आवर्जून. मधुमेहात नजर चांगली असतानाही मॅक्युलाला सूज येऊ शकते, त्यामुळे तिथेही हयगय नको.

आणखी एक. नजर बरीच गेलेल्या काहींना नसलेली माणसं, फुलं, नक्ष्या दिसतात. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. हे वेड नव्हे; डोळ्यांकडून पुरेसं चित्र मिळालं नाही की मेंदू स्वतःच चित्रं रचतो. लोक वेडं ठरवतील या भीतीने ही माणसं गप्प बसतात. त्यांनी सांगायची वाट न बघता, ‘‘तुम्हाला कधी नसलेलं काही दिसतं का?’’ असं आपणच शांतपणे विचारावं आणि ‘‘हो’’ म्हणाले तर डॉक्टरांच्या कानावर घालावं.