शीआनचे मातीचे सैनिक: आधी तिसरा खड्डा बघा

चीनमधल्या शीआन शहराजवळ, चीनच्या पहिल्या सम्राटाच्या समाधीपाशी पुरलेले मातीचे सैनिक उत्खननाच्या तीन खड्ड्यांत बघायला मिळतात. ते बघायला जाणारे बहुतेक जण आत शिरले की थेट पहिल्या खड्ड्याकडे धावतात. उलट करा. आधी छोटा तिसरा, मग दुसरा आणि शेवटी पहिला बघा. सुमारे २३० मीटर लांबीचा तो भव्य खड्डा आधीच पाहिला, तर बाकीचे दोन फिके वाटतात.

दुसऱ्या खड्ड्याजवळ काचेच्या पेटीत गुडघा टेकलेला धनुर्धर आहे. त्याच्या मागच्या बाजूला जाऊन बुटाचा तळवा बघा, शिवणीचे टाकेसुद्धा कोरलेत! पहिल्या खड्ड्यात कठड्याशी रेटारेटी असते. फोटो काढून झाला की बाजूच्या मार्गाने मागे सरका. तिथे जोडकाम चाललेले, अर्धवट सैनिक दिसतात. मला तरी तेच जास्त आवडले.

तिकीट पासपोर्टच्या नावावर आधीच काढा, आणि मूळ पासपोर्ट सोबत ठेवा. ब्राँझचे रथ आता वेगळ्या इमारतीत, सम्राटाच्या समाधीच्या परिसरात आहेत. तिथे बसने जावे लागते, म्हणून अर्धा दिवस पुरत नाही. ऑक्टोबरचा पहिला आठवडा मात्र टाळाच, चीनभर सुट्टी असते.