रेट्रो मिररलेस घ्यावा की मॉडर्न, आणि कॅप्चर कार्डवर पिक्चर येत नसेल तर कुठून सुरुवात करायची

मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा. त्यात रेट्रो म्हणजे जुन्या फिल्म कॅमेऱ्यासारखे डायल असलेला, आणि मॉडर्न म्हणजे जाड ग्रिपचा. रेट्रो की मॉडर्न हा प्रश्न सगळे फोटोच्या बाजूने विचारतात आणि तिथेच त्याला सगळ्यात कमी अर्थ आहे, कारण आत बऱ्याचदा सेन्सर तोच असतो. फुजीफिल्मचंच बघा ना, २०२२ मध्ये आलेले एक्स-एच२ आणि एक्स-टी५, दोन्हीत ४० मेगापिक्सेलचा तोच सेन्सर आणि तोच प्रोसेसर, फक्त एक्स-एच२ ला जाडजूड ग्रिप आणि मोड डायल, एक्स-टी५ च्या डोक्यावर शटर आणि आयएसओचे डायल. नुसता फोटो बघून कुठला कुठल्या बॉडीतून आला ते कोणी सांगून दाखवावं.

खरा फरक कळतो तो कॅमेरा घरी ट्रायपॉडवर लावून कॉम्प्युटरला जोडायचा म्हटलं की, म्हणजे एचडीएमआय केबलने कॅप्चर कार्डात आणि तिथून कॉम्प्युटरमध्ये. लाइव्ह, ऑनलाइन क्लास, व्हिडिओ कॉल, काहीही असो. तुमच्या डोक्यात तसं काही असेल तर डायल नंतर बघा, आधी बाजूचं रबरी झाकण उघडून पोर्ट बघा. एक्स-एच२ ला पूर्ण साइजचं एचडीएमआय आहे, एक्स-टी५ ला मायक्रो. निकॉनकडेही तेच, २०२३ च्या रेट्रो झेडएफला मायक्रो आणि २०२४ च्या मॉडर्न झेड६ थ्रीला पूर्ण साइजचं. मायक्रोचं तोंड करंगळीच्या नखापेक्षाही लहान असतं आणि जाड केबल त्याला लटकली की तिच्या वजनाने प्लग हळूहळू तिरका होतो, मग कॅमेऱ्याला जरा हात लागला की पिक्चर जातं, परत येतं, आणि माणूस सॉफ्टवेअरला शिव्या घालत बसतो. रेट्रो बॉडी घेतलीच असेल तर पातळ आणि मऊ केबल वापरा, ती ट्रायपॉडच्या पायाला वेलक्रोने बांधा, म्हणजे ताण पोर्टवर येणार नाही. केज म्हणजे कॅमेऱ्याभोवतीची चौकट, तिच्यासोबत केबल क्लॅम्प मिळत असेल तर अजून बरं.

डायलची मजा आहे हे मान्य. कॅमेरा बंद असतानाही वरून बघून आयएसओ किती, शटर किती कळतं, झेडएफवर तर चालू असताना अ‍ॅपर्चर दाखवणारी छोटीशी खिडकी पण आहे. पण व्हिडिओत हेच डायल आडवे येतात. ५० हर्ट्झच्या दिव्यांखाली फ्लिकर म्हणजे पिक्चरची लुकलुक नको म्हणून शटर १/५० लागतं आणि डायलवर छापलेलं असतं १/६०, मग झेडएफवर डायल "१/३ स्टेप" या खुणेवर न्यायचा, फुजीवर "टी" या खुणेवर, आणि खरा आकडा पुढच्या-मागच्या चाकाने लावायचा. म्हणजे ज्या डायलसाठी पैसे मोजले तोच बाजूला ठेवायचा! शिवाय झेड६ थ्रीवर यू१, यू२ असे कप्पे आहेत, एकात फोटोची आणि एकात व्हिडिओची सेटिंग टाकली की झालं. झेडएफच्या डायलवर ते नाहीत.

माझं मत सरळ आहे. फिरताना छोट्या लेन्सवर फोटो काढायचे आणि कॅमेरा हातात घ्यावासा वाटला पाहिजे, तर रेट्रो घ्या, बिनधास्त. जड झूम लावणार असाल किंवा आठवड्यातून दोन-तीनदा कॉम्प्युटरला जोडणार असाल तर मॉडर्न, कारण ग्रिप आणि पोर्ट या दोन गोष्टी नंतर नीट बदलता येत नाहीत. स्क्रीन पण तपासा, झेडएफचा फिरून समोर येतो, एक्स-टी५ चा येत नाही, त्यामुळे एकटे स्वतःला शूट करणाऱ्यांनी हे आधीच बघावं.

आता जोडलं आणि पिक्चर आलं नाही, तर काय करायचं.

पहिलं काम, मधलं कॅप्चर कार्ड बाजूला काढा आणि त्याच केबलने कॅमेरा थेट टीव्हीला लावा. टीव्हीवर आलं तर कॅमेरा आणि केबल दोन्ही ठीक, भानगड पुढे आहे. टीव्हीवरही नसेल तर कॉम्प्युटरकडे बघायचंच नाही, केबल बदला. ही एक टेस्ट लोक करत नाहीत आणि तासभर ड्रायव्हर शोधत बसतात, खरं तर बहुतेक यूएसबी कॅप्चर कार्ड यूव्हीसी असतात म्हणजे वेबकॅमसारखी, त्यांना वेगळा ड्रायव्हर लागतच नाही.

टीव्हीवर दिसतंय पण कार्डावर काळं, तर कॅमेऱ्याच्या मेनूत एचडीएमआय आउटपुट ऑटोवरून काढून १०८०पी करा आणि फ्रेम रेट २४ असेल तर २५ किंवा ३० करून बघा, स्वस्तातली कार्डं २४ ला बऱ्याचदा अडतात. कॅमेऱ्याऐवजी गेम कन्सोल किंवा सेट-टॉप बॉक्स लावला असेल तर काळं येण्याचं कारण बहुतेक एचडीसीपी म्हणजे कॉपी प्रोटेक्शन, प्लेस्टेशनमध्ये ते सेटिंगमधून बंद करता येतं पण सिनेमाची अ‍ॅप्स त्यानंतर चालत नाहीत. तसंच एक कार्ड एका वेळी सहसा एकाच प्रोग्रामला मिळतं, मागे व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप उघडं राहिलं असेल तर ओबीएस या रेकॉर्डिंग आणि लाइव्हच्या सॉफ्टवेअरमध्ये काळंच दिसणार. आणि हो, विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कॅमेऱ्याची परवानगी बंद नाही ना तेही बघा.

पिक्चर येतंय पण अडखळतंय, तर हिशोब करा. १०८०पी ३० फ्रेम, वाय-यू-वाय-२ (YUY2) म्हणजे कॉम्प्रेस न केलेला फॉरमॅट, याला सेकंदाला जवळपास १२४ मेगाबाइट लागतात म्हणजे साधारण १ गिगाबिट, आणि यूएसबी २ ची कागदावरची मर्यादाच ४८० मेगाबिट. बसणारच नाही. म्हणून यूएसबी २ वाली कार्डं एमजेपेग (MJPEG) म्हणजे कॉम्प्रेस करून पाठवतात, ओबीएसच्या डिव्हाइस प्रॉपर्टीजमध्ये रिझोल्यूशन कस्टम करून फॉरमॅट एमजेपेग निवडा. यूएसबी ३ चं कार्ड असेल तर ते हबमधून काढून थेट ३ च्या पोर्टला लावा, चुकून २ च्या पोर्टला लागलं असेल तर एवढ्यानेच काम होतं. बॉक्सवर ४के लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका, ते बऱ्याचदा फक्त इनपुटबद्दल असतं, रेकॉर्ड १०८०पीच होतं.

रंग धुतल्यासारखे किंवा सावल्या एकदम काळ्याकुट्ट आल्या तर रेंज म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे जुळत नाहीयेत. कॅमेरा १६ ते २३५ पाठवतोय आणि सॉफ्टवेअर ० ते २५५ समजतंय, किंवा उलट. दोन्हीकडे लिमिटेड ठेवा. स्क्रीनवर फोकसचा चौकोन आणि बॅटरीचं चिन्ह पण रेकॉर्ड होत असेल तर कॅमेऱ्यात एचडीएमआय इन्फो डिस्प्ले बंद करा. ऑटो पॉवर ऑफही बंद करा, नाहीतर लाइव्ह चालू असताना कॅमेरा मध्येच झोपी जातो. लांब सेशनला डमी बॅटरी (बॅटरीच्या जागी बसणारा, विजेच्या प्लगला जोडलेला तुकडा) नाहीतर यूएसबी पॉवर डिलिव्हरी.

आवाज मागेपुढे होत असेल तर आधी ठरवा, फरक कायम सारखा आहे की वाढत जातोय. सारखा असेल तर ओबीएसमध्ये सिंक ऑफसेट देऊन, म्हणजे आवाज तेवढाच पुढेमागे सरकवून, संपलं. वाढत जात असेल तर सगळीकडे सॅम्पल रेट म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा ४८ किलोहर्ट्झ करून बघा, एखादा ४४.१ वर राहिलेला असतो.

जुन्या व्हीएचएस टेप उतरवत असाल तर वेगळी गंमत. पिवळा प्लग व्हिडिओ, पांढरा डावा आवाज, लाल उजवा, इथवर सोपं. टेप पॅल म्हणजे भारतातल्या जुन्या टीव्ही पद्धतीची असेल तर सॉफ्टवेअरमध्येही पॅल निवडा, २५ फ्रेम, ७२० बाय ५७६, एनटीएससी म्हणजे अमेरिकेतल्या पद्धतीवर राहिलं तर पिक्चर काळंपांढरं येतं किंवा वरखाली पळतं. हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर ते इंटरलेसिंग, म्हणजे एका फ्रेमच्या एकाआड एक रेघा वेगवेगळ्या क्षणी घेतलेल्या, कॅप्चर तसंच होऊ द्या आणि डीइंटरलेस म्हणजे त्या रेघा घालवणं नंतर करा. आणि टेप मध्येच निळी पडत असेल तर ती बऱ्याचदा टेपची चूक नसते, सिग्नल कमजोर झाला की काही व्हीसीआर स्वतःच निळा स्क्रीन टाकतात, मेनूत ब्लू बॅक नावाचा ऑप्शन असला तर तो बंद करा, खालचं पिक्चर खराब का होईना पण मिळतं. तरीही फ्रेम गळत असतील तर मध्ये टाइम बेस करेक्टर म्हणजे डळमळता सिग्नल सरळ करणारा डबा लावावा लागतो. तो परवडत नसेल तर एखादा जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये लावून बघा, काही मॉडेल सिग्नल बऱ्यापैकी सरळ करून पुढे पाठवतात.