घरी मुलांचे फोटो काढताना लाइट किती लांब ठेवायचा?

ॲपर्चर, शटर, आयएसओ तुम्हाला कळतं असं धरून चालतो. एक फ्लॅश, ट्रिगर (कॅमेऱ्यापासून लांब ठेवलेला फ्लॅश उडवणारं यंत्र), स्टँड आणि छोटा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड पसरवणारी कापडी पेटी) घेतलाय, हॉलमधलं टीपॉय भिंतीला लावलंय आणि समोर दोन-तीन वर्षांचं पोर आहे. आता एक फोटो पांढराफटक येणार, दुसरा काळपट, तिसरा बरा. यात फ्लॅशचा किंवा कॅमेऱ्याचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा घोळ अंतराचा असतो, आणि तो फोटो संपादनात पूर्ण सुधारत नाही.

त्याआधी खोलीचा उजेड बाद करून टाका. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, एफ ५.६, शटर १/१६०. फ्लॅश न उडवता एक फोटो काढा. तो काळाकुट्ट यायला हवा. काही दिसत असेल तर पडदे ओढा, ट्यूबलाइट बंद करा. दोन रंगांचे उजेड मिसळले की चेहऱ्याची एक बाजू हिरवट होते आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे पांढरं पांढरंच दाखवणारं सेटिंग) एका वेळी एकाच उजेडाला बरोबर करतो. शिवाय हलत्या हाताभोवती धूसर सावली उमटते. पण ट्यूब चालू असूनही फोटो काळा आला तर ती चालूच राहू द्या. अंधारात पोरं बिचकतात आणि ऑटोफोकसही चाचपडतो. व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनवर पक्का करा. फ्रेमच्या कडेला काळा पट्टा दिसला तर शटर सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशसोबत चालणाऱ्या कमाल शटर वेगाच्या, वर गेलंय. बहुतेक कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/२०० किंवा १/२५० असते, पण स्वस्त ट्रिगर असेल तर १/१६० बरं.

आता मूळ दुखणं. सगळीकडे शिकवतात, लाइट जितका जवळ तितका मऊ, म्हणजे सावलीच्या कडा तितक्या हलक्या. खरंच आहे, पण ते खुर्चीत गप्प बसणाऱ्या मोठ्या माणसासाठी. लाइटचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, निम्मा नाही. हे सूत्र पाठ असतं सगळ्यांना, पण स्टँड ठेवताना कुणालाच आठवत नाही. म्हणून जरा रेंगाळतो इथे.

सॉफ्टबॉक्स दोन फुटांवर आहे. मूल खेळणं उचलायला फूटभर लाइटकडे वाकलं: उजेड चौपट, म्हणजे दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). कपाळ जळालं. तेच फूटभर मागे सरकलं तर उजेड निम्म्याहून कमी. आता लाइट पाच फुटांवर न्या. फूटभर पुढे आलं तर फरक साधारण ०.६ स्टॉप, मागे गेलं तर ०.५. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फोटोत) एवढं सहज सावरता येतं. (मोठा सॉफ्टबॉक्स अगदी जवळ असेल तर हा हिशेब तंतोतंत लागू होत नाही, उतार थोडा सौम्य असतो. पण कल तोच.)

“मग टीटीएल लावू की!” म्हणजे कॅमेरा स्वतः उजेड मोजून फ्लॅशची ताकद ठरवतो ती सोय. लावा. प्रत्येक फोटोला फ्लॅश कमीजास्त होईल, काही फोटो वाचतील. पण पांढरा फ्रॉक दिसला की टीटीएल फोटो काळवंडवतो, काळा शर्ट दिसला की उजळवतो. आणि एकाच फोटोत लाइटकडचा गाल फटफटीत नि पलीकडचा कान अंधारात असेल, तर टीटीएल काय करणार? जवळच्या लाइटने हे हमखास होतं. भावंडांच्या फोटोत तर एक गोरं, एक सावळं दिसतं आणि आजी विचारते, याला ऊन लागलंय का? भावंडं असतील तर लाइटचं तोंड लांबच्या मुलाकडे वळवा, जवळच्याला त्याची कडच पुरते.

लांब नेला की लाइट कडक होणार, हा आक्षेप बरोबर आहे. मऊपणा ठरतो मुलाच्या जागेवरून लाइट किती मोठा दिसतो त्यावर. दोन फुटांवरचा ६० सेंटिमीटरचा बॉक्स आणि पाच फुटांवरचा १५० सेंटिमीटरचा ऑक्टाबॉक्स (आठ कोनी सॉफ्टबॉक्स) सारखेच मोठे दिसतात, म्हणून सावलीची कड जवळपास तितकीच मऊ येते. म्हणून स्पष्ट सांगतो: मुलांसाठी ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स घेऊ नका. दोन छोट्या लाइटच्या किटपेक्षा एक फ्लॅश आणि उजेड पसरवणारी एक मोठी फोटोग्राफीची छत्री केव्हाही बरी.

घेतलाय आधीच? काही बिघडलं नाही. सॉफ्टबॉक्स काढून ठेवा आणि फ्लॅश भिंतीवर मारा. कॅमेऱ्याच्या मागची पांढरी भिंत, तिच्यापासून तीन-चार फुटांवर फ्लॅश, तोंड भिंतीकडे, मूल भिंतीपासून आठ फुटांवर. अख्खी भिंत लाइट होते आणि पोर सतरंजीभर फिरलं तरी एक्स्पोजर फारसं हलत नाही. आयएसओ ४००, एफ ५.६ आणि २०० वॉट-सेकंदांचा फ्लॅश चौथाई ताकदीवर, इथून सुरुवात करून हिस्टोग्राम (फोटोत किती उजळ, किती गडद भाग आहे ते दाखवणारा आलेख) बघत जा. कॅमेऱ्यावर लावायच्या साध्या फ्लॅशला साधारण निम्मी ताकद लागेल. नाट्य कमी मिळतं, फोटो मात्र मिळतात. भिंत पिस्ता किंवा पीच रंगाची असेल तर तोच रंग चेहऱ्यावर येतो. पांढरी चादर टांगा.

मुलाच्या मागच्या भिंतीचंही तेच गणित. मूल लाइटपासून दोन फुटांवर आणि भिंत त्याच्यामागे चार फुटांवर असेल तर भिंतीला मुलापेक्षा तीन स्टॉपहून थोडा जास्तच कमी उजेड मिळतो, पांढरी भिंत गडद राखाडी दिसते. लाइट पाच फुटांवर असेल तर फरक पावणेदोन स्टॉपचा. गडद हवी असेल तेव्हा लाइट जवळ आणा, पण तेव्हा मूल पाटावर बसलेलं आणि हातात खाऊ असलेलं हवं.

उंचीबद्दल थोडक्यात. मोठ्यांसाठी लावलेला स्टँड तसाच राहतो आणि मुलाच्या डोळ्यांत खड्डे पडतात. जमिनीवर बसलेल्या मुलाचे डोळे जेमतेम दीड-दोन फुटांवर असतात. सॉफ्टबॉक्सची खालची कड हनुवटीच्या पातळीला आणा. बुबुळात लाइटचा ठिपका घड्याळाच्या दहा किंवा दोनच्या जागी दिसला पाहिजे. दिसतच नसेल तर लाइट उंच आहे. स्टँड आणखी खाली जात नसेल तर मुलाला दिवाणावर बसवा, आणि तुम्ही गुडघ्यांवर या. अंधाऱ्या बाजूला दोन-तीन फुटांवर पांढरा सनबोर्ड (उजेड परतवणारा हलका फोमचा फळा) उभा केला की दुसऱ्या लाइटची गरज बरेच दिवस भासत नाही.

सुरक्षेत सवलत नाही. ऑक्टाबॉक्स लावलेला स्टँड वरून जड होतो. लाइट ज्या बाजूला झुकलाय तिकडचा पाय पुढे ठेवा आणि पाच किलोची वाळूची पिशवी अडकवा. सीलिंग फॅन बंद. पातं बॉक्सला लागेल हे वर बघितल्याशिवाय लक्षात येत नाही. वायर टेपने जमिनीला चिकटवा. उघडा फ्लॅश तोंडाजवळ उडवू नका. आणि बिघडलेला फ्लॅश घरी उघडू नका, बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) जीवघेणा विद्युतदाब शिल्लक राहू शकतो.

शिकायचं कुणाकडून? एका दिवसाच्या वर्कशॉपबद्दल माझं मत वाईट आहे. तिथली मॉडेल पुतळ्यासारखी उभी राहते, तिच्यावर काहीही चालतं. त्यापेक्षा शाळा-अंगणवाडीतल्या मुलांचे फोटो काढणारा जुना स्टुडिओवाला शोधा आणि त्याचे स्टँड उचला. तो “एफ आठ ठेव नि दाब” म्हणेल, कारण सांगणार नाही. पण लाइट कुठे ठेवतो ते फूटपट्टीने मोजून घ्या. प्रीसेट (फोटो संपादनाची तयार सेटिंग्ज) विकत घेऊ नका. जळालेलं कपाळ कुठलाच प्रीसेट परत आणत नाही.

मूल खोलीत येण्याआधी सगळं लावून झालेलं असावं, कारण त्याचा उत्साह पंधरा-वीस मिनिटांचा. जमिनीवर सतरंजी टाका, तेवढीच त्याची हद्द. टेडी लाइटकडच्या टोकाला, मध्ये आणि लांबच्या टोकाला ठेवून तीन फोटो काढा. मधला बरोबर येईल अशी फ्लॅशची ताकद ठरवा. जवळच्या टोकाला टेडी फटफटीत दिसत असेल तर ताकद तशीच ठेवून सतरंजी आखडू नका. लाइट फूटभर मागे घ्या, ताकद वाढवा आणि तिन्ही फोटो पुन्हा काढा.