उपवासकाळात काय सोडायचं आणि ते कसं टिकवायचं

ईस्टरआधीचे चाळीस दिवस म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ, आणि तो राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्या दिवशी कपाळावर राख घेऊन चर्चच्या पायऱ्या उतरताना ‘यंदा काय सोडू बरं?’ असा विचार करत असाल, तर उशीर झालाच. हे आदल्या रविवारी जेवताना घरच्यांशी बोलून ठरवा. मंगळवारी रात्री फरसाणाचा डबा संपवा, घासून पालथा घाला. घरात चकली असली की हात जातोच. निदान आमच्या वसईच्या घरात तरी जातो.

कॅथलिक चर्चचा सर्वसाधारण नियम फार कडक नाही. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वयाच्या माणसांनी एकदा पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडंसं. या दोन दिवशी आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी १४ वर्षांवरच्यांनी मांस टाळायचं. आजारी माणसं, गरोदर बायका यांना सूट आहे. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहण्याचं शौर्य दाखवू नये.

मासे चालतात, आणि तिथेच आम्ही वसईकर अडकतो. शुक्रवारी मटण नाही म्हणून भरलेलं पापलेट आणायचं, तेही मटणापेक्षा महाग! नियम मोडला असं कोणी म्हणणार नाही, पण सोडलं काय? आमच्याकडे शुक्रवारी वालाचं बिरडं, भात आणि लाल माठाची भाजी असते. नवरा ताटाकडे बघून सुस्कारा सोडतो, तेवढं चालायचंच.

खाण्याचं एक वेळ जमतं. खरी अडचण फोनची. सोडायची गोष्ट निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारा : ती गेल्यावर माझा कोणता वेळ रिकामा होईल? ज्यांना चॉकलेट आवडतच नाही त्यांनी चॉकलेट सोडून उपयोग नाही. माझा वेळ जातो वसई ते अंधेरी लोकलमध्ये, रील बघत. म्हणून मी रीलचं ॲप काढून टाकते. फोन नाही सोडत, कारण ऑफिसचे मेसेज आणि मुलीच्या शाळेचा ग्रुप त्याच्यावरच असतो. ‘चाळीस दिवस फोनच बंद’ असं जाहीर करणारे पहिल्या आठवड्यातच गळतात. नेमकं सांगता येईल असं काही ठरवा : अमुक ॲप नाही, रात्री दहानंतर स्क्रीन नाही, जेवताना टीव्ही नाही.

मग रिकामी जागा भरून ठेवा, नाहीतर हात सवयीने खिशात जातो. नायगावची खाडी ओलांडेपर्यंत मी रोझरीचे, म्हणजे माळेवरच्या प्रार्थनेचे, दोन गूढ (दोन भाग) म्हणते. डब्यात माळ काढायला संकोच वाटतो, म्हणून बोटांवर मोजते. त्यानंतर शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला, एक उतारा वाचायचा, तो मी आदल्या रात्रीच वहीत उतरवून ठेवते. फोनवर वाचायला गेलं की वरून नोटिफिकेशन टपकतं आणि अंधेरी येईपर्यंत दुसऱ्याच्या लग्नाचे फोटो बघून होतात. रात्री चार्जर बेडरूममधून काढून स्वयंपाकघरात फ्रिजवर लावा आणि उठायला साधं गजराचं घड्याळ आणा. बाकी कुठल्याही युक्तीपेक्षा ही जास्त चालते.

प्रार्थना, उपवास आणि दानधर्म हे तिन्ही एकत्र असतात. तिसरं आपण सोयीने विसरतो. स्टेशनवरचा चहा-वडापाव सोडून दिवसाला ४० रुपये वाचले तर ४० दिवसांचे १६०० होतात. ते पैसे मनात मोजू नका, रोज रात्री डब्यात टाका. मनात वाचवलेले पैसे ईस्टरच्या खरेदीत कधी गेले ते कळतही नाही. डबा कोणाला द्यायचा तेही आधीच ठरवा.

रविवारी सूट घ्यायची की नाही, हा वाद दरवर्षी निघतो. २०२६ चा हिशेब बघा : १८ फेब्रुवारी ते ४ एप्रिल असे ४६ दिवस होतात, त्यातले सहा रविवार वजा केले की ४० उरतात. म्हणजे रविवारी सूट घेतली तर चुकत नाही. तरी माझं मत विचाराल तर खाण्याची सूट घ्या, ॲपची नको. रविवारी फोनमध्ये परत घेतलेलं ॲप सोमवारी पुसायला नव्याने भांडावं लागतं.

एखाद्या दिवशी मोडलं तर दुसऱ्या दिवशी पुढे चालू ठेवा. भरपाई म्हणून डबल उपवास वगैरे नको. मार्चअखेरीस आयपीएल सुरू होते, तेव्हा घरातल्या क्रिकेटवेड्याशी आधीच बोलून ठेवा. सासूबाईंची मालिका मात्र बंद करायला जाऊ नका. आपलं सोडणं दुसऱ्यावर लादलं की घरात क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना) रोजच सुरू होते.

आणि ‘मी सोशल मीडिया सोडतेय’ असं स्टेटस टाकू नका. उपवास करताना डोक्याला तेल लाव, तोंड धू, असं मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो ते याचसाठी, उपवास लोकांना दिसू नये म्हणून. ज्यांना तुमच्याशी संपर्क लागतो त्यांना एकेकाला फोन करून कळवलं की पुरे.

ईस्टरच्या दिवशी पाहुणे, जेवण, मिस्सा (चर्चमधली उपासना) यात ॲप फोनमध्ये परत टाकायला सवड नसतेच. पुढच्या आठवड्यातही आठवण झाली नाही, तर टाकूच नका. झाली तर टाका, पण नोटिफिकेशन बंद ठेवून. चार्जर फ्रिजवरच राहू द्या.