रुईवरचा बिबळ्या आणि मागच्या पंखाचे ठिपके

मे महिन्यात मुंबईतलं गवत वाळतं आणि नवखी मंडळी म्हणतात, आता पाऊस पडल्यावरच कीटक बघू. थांबू नका. आरेच्या माळावर तेव्हाही रुई हिरवी असते आणि तिच्याभोवती बिबळ्या कडवा हे फुलपाखरू फिरत असतं. मी तिथेच शिकलो. रोज सकाळी तेच एक झुडूप, अंडी, अळी, कोष, फुलपाखरू. केशरी पंख, काळं टोक, त्यात पांढरा पट्टा. महिनाभरात तो इतका पाठ झाला की दिसताच नाव लिहून मोकळा व्हायचो.

तिथेच घात झाला. पावसाळ्यानंतरच्या माझ्या ‘बिबळ्यां’पैकी कितीतरी छोटा चांदवा या दुसऱ्याच फुलपाखराच्या माद्या निघाल्या. बिबळ्याची अळी रुईचं विष अंगात साठवते, म्हणून पक्षी त्या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. चांदव्याची अळी घोळ ही पालेभाजी खाते, ते विष तिच्याकडे नसतं. मादी नुसतं बिबळ्याचं सोंग घेते. नर मात्र काळा, मोठ्या पांढऱ्या ठिपक्यांचा. त्यामुळे शेजारी बसलेली जोडी बघूनही मला ती जोडी वाटली नाही.

मागचा पंख बघा. बिबळ्याच्या मागच्या पंखावर मध्याजवळ काळे ठिपके असतात, मादीला तीन, नराला चार. चांदव्याच्या मादीला एकच, तोही वरच्या कडेला. आणि खरी मेख इथे आहे: ती कड बहुतेक वेळा पुढच्या पंखाखाली झाकलेली असते. ठिपका दिसला नाही म्हणजे तो नाहीच, असं धरू नका. पंख पूर्ण उघडेपर्यंत थांबा, मिटल्यावर खालची बाजूही टिपा. एका फोटोवर नाव ठेवूच नका.

आयनॅचरलिस्ट हे फोटोवरून नावं सुचवणारं नोंदींचं ॲप वापरा, पण तिथलं पहिलं नाव दाबून पुढे जाणं ही वाईट सवय आहे. फोटो बघताच नाव सांगून टाकणारे जाणकारही मला नकोसे वाटतात. मला घडवलं ते “कशावरून?” एवढंच विचारणाऱ्या एका काकांनी. तेव्हा राग यायचा. आता नव्या मुलांना मी तेच विचारतो.

चुका होतील, त्यांनी खचू नका. नोंद दुरुस्त करता येते. मी दोन वर्षांचे फोटो अजून एकेक उघडतोय. मागचा पंख झाकलेला असेल तिथे नाव खोडून लिहितो: केशरी, ठिपके दिसले नाहीत.