ग्रामर स्कूलच्या प्रवेशासाठी अपील करताना
इंग्लंडमध्ये ग्रामर स्कूल म्हणजे गुणवत्तेवर प्रवेश देणारी सरकारी माध्यमिक शाळा. तिच्या ‘इलेव्हन प्लस’ या प्रवेश परीक्षेतील गुणांमुळे प्रवेश नाकारला गेल्यास अपिलासाठी पालकांना किमान २० शालेय दिवस मिळतात. परीक्षेच्या दिवशी मूल आजारी होते एवढे सांगून भागत नाही. त्याची शैक्षणिक पात्रता स्वतंत्र अपील मंडळाला पुराव्यानिशी पटावी लागते. म्हणून प्रगतिपुस्तकाबरोबर मुख्याध्यापकांचे पत्र जरूर जोडावे, आणि त्यात मूल ‘मेहनती’ असल्याच्या कौतुकापेक्षा ते ग्रामर स्कूलच्या पातळीचे का आहे, हे स्पष्ट असावे, अशी विनंती आधीच करावी. शाळा भरलेली असल्यास हीच शाळा का हवी, हेही मांडावे. मात्र निकालाचा स्थानिक फेरविचार (गुण कमी पडलेल्या मुलाची पात्रता अपिलापूर्वीच पुन्हा तपासणे) आधीच झाला असेल, तर तो न्याय्य, सुसंगत व वस्तुनिष्ठ होता का, एवढेच मंडळ आधी पाहते; तसा तो झाल्याचा पुरावा नसेल, तरच ते शैक्षणिक पात्रतेकडे वळते. तेव्हा युक्तिवादाचा भर आधी त्या प्रक्रियेतील त्रुटींवर ठेवावा, पण शैक्षणिक पुरावेही सोबत द्यावेत.